आंतरसांस्कृतिक संवाद आणि विविधतेचं प्रशिक्षण, नाशिक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातपूर, अंबड, सिन्नर, गोंद्याचे कारखाने, पिंपळगाव-दिंडोरीकडची पॅकहाऊस, शहरातली हॉटेलं आणि रुग्णालयं अशा सगळीकडून फोन येतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून एकदाचे लिहून काढले. या कामात पडण्याआधी मी बारा वर्षं एचआरमध्ये होते, त्यामुळे काही उत्तरं जरा रोखठोक वाटतील.

हे ट्रेनिंग म्हणजे इंग्लिश स्पीकिंगचा क्लास का?

नाही. उलट ज्यांचं इंग्रजी फर्डं असतं तेच जास्त फसतात, कारण समोरच्याला वाटतं यांना सगळं कळलं आणि यांना वाटतं आपण सगळं समजावलं.

वेगवेगळ्या घरांत, गावांत, देशांत वाढलेली माणसं एका कामावर आली की काही गोष्टी प्रत्येकजण गृहीत धरतो. 'वेळेवर' म्हणजे किती वाजता, साहेबाची चूक साहेबाला कुणी आणि कशी सांगायची, कुठला शब्द प्रेमाचा आणि कुठला अपमानाचा. या गोष्टी टेबलावर आणून त्यांच्याबद्दल बोलायला शिकवणं, एवढाच हा विषय. त्याची सुरुवात अमेरिकेत झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या परराष्ट्र खात्याच्या लक्षात आलं की आपल्या माणसांना भाषा शिकवून परदेशी पाठवलं तरी तिथं ती अडखळतात. १९५०च्या दशकात एडवर्ड हॉल नावाचा मानववंशशास्त्रज्ञ त्यांना शिकवत होता. दोन माणसं किती अंतरावर उभी राहतात, वाट किती वेळ बघतात, गप्प बसण्याचा अर्थ काय, असल्या बारीकसारीक गोष्टींवर त्यानं भर दिला. आम्ही जे करतो त्याचं मूळ तिथं आहे.

आमच्याकडे एकही परदेशी माणूस नाही. मग आम्हाला हे कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि माझा सगळा धंदा त्याच्या उत्तरावर चालतो. नाशिकमध्ये फरक समुद्रापलीकडे शोधायला जावं लागत नाही, तो गेटच्या आतच असतो.

एका कारखान्यात घडलेलं सांगते. फोर्कलिफ्टवर गोरखपूरकडचा मुलगा, पॅलेट वर उचललेलं. बाजूला उभा असलेला आपला मराठी सुपरवायझर हिंदीत ओरडला, "खाली कर, अरे खाली कर!" आपल्याला खाली म्हणजे खालच्या बाजूला. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. मुलाला वाटलं पॅलेट रिकामं करायला सांगतायत, म्हणून त्यानं फोर्क पुढे झुकवले. दोन खोकी सुपरवायझरच्या बुटापासून हातभर अंतरावर आदळली. चौकशीत 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' असं लिहिलं गेलं. दोघंही हिंदीच बोलत होते, फक्त एकाचं हिंदी मराठीतून आलेलं होतं. 'नीचे' हा एक शब्द माहीत असता तर काम झालं असतं.

असे शब्द ढिगानं आहेत. 'नियम मोडल्यास शिक्षा' अशी पाटी आपण लावतो. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, आपल्या शिक्षेला ते 'सज़ा' म्हणतात. आपली चेष्टा म्हणजे थट्टा, त्यांची चेष्टा म्हणजे प्रयत्न. आपली यंत्रणा म्हणजे व्यवस्था, त्यांची यंत्रणा म्हणजे यातना. 'सुरक्षा यंत्रणा' ही पाटी हिंदी डोळ्यांनी एकदा वाचून बघा.

पण शब्दांपेक्षा जास्त लागतं ते संबोधन. आपल्या हिंदीत 'आप' फार कमी असतं. "तू इधर आ, तेरेको बोला ना" हे आपण सहज, रागावलेले नसतानाही म्हणतो. अवधकडचा माणूस घरात धाकट्या भावालाही कदाचित 'आप' म्हणत वाढलेला असतो. त्याच्या कानाला ते थोबाडीत मारल्यासारखं लागतं. तो बोलत नाही, आठ दिवसांनी गावी जातो आणि परत येत नाही. मग ठेकेदाराला फोन जातो, "ही माणसं टिकतच नाहीत."

याच्या बरोबर उलटही घडतं. सुरगाण्याकडचा एक मुलगा नव्यानं लागला आणि पहिल्याच आठवड्यात त्यानं प्लांट मॅनेजरला विचारलं, "तू कधी येशील?" सगळी लाइन गार. मुलगा उद्धट ठरला. तो घरी आजोबांनाही 'तू'च म्हणतो. त्याच्या बोलीत आदर दाखवायचा तो स्वरातून आणि वागण्यातून, क्रियापदातून नाही. सटाण्याची बाई घरात अहिराणी बोलते, मालेगावचा फिटर उर्दू, पेठचा हेल्पर कोकणा बोली. हजेरीपत्रकावर मात्र सगळ्यांपुढे 'मातृभाषा : मराठी'.

माणूस 'हो' म्हणतो आणि करत नाही. हा कामचुकारपणा की संस्कृती?

दोन्ही असू शकतं. कुठलं आहे ते ओळखता येणं महत्त्वाचं.

आपल्या 'हो'चे किती अर्थ होतात ते एकदा एका बॅचनं फळ्यावर लिहिलं. 'हो' म्हणजे ऐकतोय. 'हो हो' म्हणजे कळलं, आता पुरे. 'हो, बघतो' म्हणजे बहुतेक नाही. 'होऊन जाईल' म्हणजे कुणाकडून होईल ते विचारू नका. 'विचारून सांगतो' म्हणजे माझ्या हातात नाही. 'जरा अवघड आहे' म्हणजे सरळ नाही, पण तोंडावर कसं म्हणू? 'दोन मिनिटांत' या शब्दाबद्दल मी काही लिहीत नाही.

यात खोटेपणा नाही, भीड आहे. समोरच्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, विशेषतः तो वयानं किंवा हुद्द्यानं मोठा असेल तर, ही आपली रीत. हॉलनं १९७६ साली यासाठी एक कल्पना मांडली. काही समाजांत अर्थ शब्दांत कमी आणि प्रसंगात, नात्यात, चेहऱ्यात जास्त असतो, काही समाजांत जे बोललं तेवढंच खरं. आपण पहिल्या गटात मोडतो, जर्मन आणि डच दुसऱ्या. जपानी मात्र आपल्याहूनही पुढे. त्यांचा 'हाय' म्हणजे पुष्कळदा 'ऐकतोय' एवढंच, आणि 'विचार करू' म्हणाले की समजायचं नाही. म्हणून माझा अनुभव असा की नाशिकचा माणूस जपानी पाहुण्याला लवकर ओळखतो. जर्मनापुढे तो गोंधळतो, कारण तिथं 'हो'ला एकच अर्थ, आणि त्याला तारीख चिकटलेली.

कार्यशाळेत आम्ही सुपरवायझरला एकच सवय लावायचा प्रयत्न करतो. "कळलं ना?" हे विचारणं बंद. त्याला उत्तर एकच येतं. त्याऐवजी "आता तू काय करणार आहेस ते मला सांग बरं". आणि "जमेल का?" ऐवजी "यात अडचण कुठं येईल?" दुसऱ्या प्रश्नात 'नाही' म्हणायला सभ्य वाट आहे. ताकाला जाऊन भांडं लपवायची वेळच माणसावर येत नाही.

आमचे दोन इंजिनिअर जर्मनीला चाललेत. त्यांना काय शिकवाल?

हस्तांदोलन कसं करायचं हे शिकवत नाही, ते यूट्यूबवर आहे. त्यांच्या नेहमीच्या कामाच्या गोष्टी घेतो.

पहिली आकड्यांची. जर्मन ड्रॉइंगवर '१२,५' म्हणजे साडेबारा मिलिमीटर. स्वल्पविराम तिथं दशांशचिन्ह आहे. आणि '१.५००' म्हणजे दीड नव्हे, दीड हजार. एक्सेलची फाइल इकडून तिकडे गेली की काय होतं, ते पर्चेसवाल्यांना विचारा.

दुसरी वेळेची. जर्मन माणूस 'अर्धे दहा' म्हणाला तर ते साडेनऊ, डच म्हणाला तरी साडेनऊ. इंग्लंडमधला माणूस 'हाफ टेन' म्हणाला तर साडेदहा. आणि उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेतीन तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेचार. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात आणि सोमवारच्या मीटिंगला आपली माणसं एक तास आधी येऊन बसतात.

तिसरी आणि सगळ्यात अवघड, चुका दाखवणं. तिथला सहकारी सगळ्यांदेखत म्हणेल, "हे चुकीचं आहे." बस. पुढे काही नाही. आपला इंजिनिअर रात्रभर झोपत नाही. तो माणूस मात्र जेवणाच्या सुट्टीत हसत बोलायला येतो, कारण त्याच्या लेखी चूक ड्रॉइंगची होती, तुमची नव्हे. हे ऐकून सगळे मान डोलावतात. म्हणून आम्ही ऐकवत नाही, करायला लावतो. जोड्या पाडून एकमेकांचं खरं काम सगळ्यांसमोर तपासायचं, 'छान आहे पण' हे शब्द वापरायला बंदी. पहिल्या वीस मिनिटांत खोलीत जे अवघडलेपण येतं तेच शिकायचं असतं.

तिकडून इथं येणाऱ्यांसाठीही एक छोटं सत्र असतं. "जेवलात का?" ही चौकशी आहे, आमंत्रण नाही. "लग्न का नाही केलं?" हा आगाऊपणा नाही, निदान विचारणाऱ्याच्या मनात तरी नसतो. आणि मिसळ खायला न्यायचीच असेल तर तर्री वेगळी मागवा.

आम्ही द्राक्ष निर्यात करतो. युरोपातल्या खरेदीदारांचे मेल तुटक आणि उद्धट वाटतात.

ते उद्धट नसतात, फक्त छोटे असतात. तुमचे मेल त्यांना कसे वाटतात हेही बघायला हवं. 'आपल्या कृपेनं कुशल' पासून सुरू होऊन चौथ्या परिच्छेदात कंटेनर दोन दिवस उशिरा निघाल्याचं येतं. त्यांना ते लपवल्यासारखं वाटतं. वाईट बातमी पहिल्या ओळीत, कारण दुसऱ्या, नवी तारीख तिसऱ्या. नमस्कार-चमत्कार शेवटी.

२०१०च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले म्हणून भारतीय द्राक्षं युरोपात अडकली, ते जुन्या बागायतदारांना आठवत असेल. इथं वर्षानुवर्षं वापरात असलेलं औषध तिथल्या मर्यादेत बसेना. रसायनांचा विषय माझा नाही. पण तेव्हापासून अशा वेळच्या पत्रांवर मी सराव घेते, कारण आपला पहिला कल असतो नात्याची आठवण द्यायचा, "आपले दहा वर्षांचे संबंध आहेत". समोरच्याला हवा असतो प्रयोगशाळेचा अहवाल. संबंध टिकतात, पण अहवालानंतर.

'भारताचे ७७, जर्मनीचे ३५' असे तक्ते इंटरनेटवर दिसतात. ते खरे का?

ते हॉफस्टेडचे. गीर्त हॉफस्टेड या डच संशोधकानं १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांकडून लाखाहून जास्त प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि १९८० साली निष्कर्ष छापले. तुम्ही म्हणता तो आकडा सत्तेतल्या अंतराचा आहे, म्हणजे हुद्द्यातली उतरंड लोक कितपत गृहीत धरतात त्याचा. भारत ७७, जपान ५४, जर्मनी ३५.

आकडे बोलायला सुरुवात करून देतात, तेवढ्यापुरते ठीक. पण ते एका कंपनीतल्या, पन्नास वर्षांपूर्वीच्या लोकांचे आहेत, आणि देशाला एकच आकडा. नाशिक रोडचा प्रेस कामगार आणि कॉलेज रोडच्या स्टार्टअपमधली मुलगी दोघांनाही ७७? समोरचा माणूस तक्त्याप्रमाणे वागेल असं धरून चाललात तर तक्ता नसता तर बरं झालं असतं.

आमच्या कंपनीत जातपात कुणी मानत नाही. तो भाग वगळता येईल का?

येणार नाही. एका मोठ्या ऑर्डरवर मी याच कारणानं पाणी सोडलं आहे, तेव्हा आग्रह करू नका.

मिल्टन बेनेट या अभ्यासकानं १९८६ साली माणूस फरकाकडे कसकसा बघत जातो त्याच्या सहा पायऱ्या मांडल्या. तिसरी पायरी आहे 'शेवटी सगळी माणसं सारखीच' असं म्हणून विषय मिटवण्याची. ती वाईट हेतूची नसते, पण ज्याला झळ बसत नाही त्यालाच ती परवडते.

गटात मी एकच विचारते, कामाच्या पहिल्या दिवशी तुम्हाला कोणी काय विचारलं? उत्तरं येतात. "नाव काय?" सांगितलं. "पूर्ण नाव?" सांगितलं. "आडनावावरून कळत नाही, गाव कुठलं?" सांगितलं. "गावात कुठं राहता?" हा चौथा प्रश्न ज्यांना कधी आला नाही ते हसतात. ज्यांना आला ते हसत नाहीत. तेवढ्यानं खोलीत दोन गट दिसतात, मला काही बोलावं लागत नाही. मग हळूहळू बाकीचं निघतं. डबा उघडताना बाजूला सरकलेली खुर्ची. 'तुम्ही काय शासनाचे जावई'. इंदिरानगरात फोनवर ठरलेली खोली आडनाव कळल्यावर 'भाच्याला दिली' होणं. १४ एप्रिलच्या रजेवर होणारी शेरेबाजी.

हे नाशिकमध्ये बोलायचं नाही तर कुठं? पंचवटीत काळाराम मंदिरासमोर २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला, बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली, आणि दादासाहेब गायकवाडांनी तो इथं राहून वर्षानुवर्षं लढवला. १३ ऑक्टोबर १९३५ची येवल्याची घोषणाही याच जिल्ह्यातली. आमच्या बॅचमधले निम्मे लोक रोज त्या मंदिरावरून जातात.

व्यवहारी कारण हवं असेल तर तेही आहे. अमेरिकेतल्या सिअॅटल शहरानं फेब्रुवारी २०२३ मध्ये भेदभावविरोधी कायद्यात जात हा शब्द घातला. तिकडचे ग्राहक ऑडिटच्या प्रश्नावलीत आता त्याबद्दल विचारू लागलेत, आणि 'आमच्याकडे असं काही नाही' हे उत्तर त्यांना पटत नाही.

थोडी चेष्टामस्करी चालतेच की. 'भय्या' म्हणणंही गुन्हा झाला का?

गुन्हा नाही. पण 'भय्या' म्हणजे भाऊ, हे तुम्ही मला सांगू नका, ज्या सुरात तुम्ही म्हणता तो सूर मला पाठ आहे. कसोटी सोपी आहे. त्या माणसाचं नाव तुम्हाला माहीत आहे का? नसेल, तर ती मस्करी दोघांची नाही. मुंबईत कुणी आपल्याला 'ए घाटी' म्हटलं तर आपण किती हसतो, तेही आठवून बघायचं.

डायव्हर्सिटी म्हणजे महिलांची संख्या वाढवणं ना?

तो एक भाग. महिला, दिव्यांग, तृतीयपंथी, वयानं मोठे, वेगळ्या धर्माचे, वेगळ्या प्रांतातले, कंत्राटी, सगळे त्यात येतात. दिव्यांगांबद्दल २०१६चा कायदा २१ प्रकारचं दिव्यांगत्व मानतो आणि खासगी आस्थापनांनाही समान संधीचं धोरण जाहीर करायला सांगतो. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१९चा आहे. धोरण बऱ्याच ठिकाणी फाइलीत असतं, आणि रॅम्प असतो तो फक्त मुख्य दारापाशी, जिथून व्हीलचेअरवाला कामगार कधी आत येतच नाही.

महिलांचं म्हणाल तर संख्या वाढवण्याआधी स्वच्छतागृह किती लांब आहे ते पावलांनी मोजा. एका ठिकाणी मी मोजलं, तीनशेच्या वर पावलं होती आणि विश्रांती दहा मिनिटांची. बायका दुपारपर्यंत पाणीच पीत नव्हत्या. त्यावर कुठल्याही स्लाइडचा उपयोग नाही.

पॉश आणि हे एकच का? पॉश तर आम्ही करून टाकलं.

'करून टाकलं' या शब्दातच कळतं. पॉश म्हणजे कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३चा कायदा. ती तुमच्यावर कायद्यानं बंधनकारक गोष्ट आहे. १० किंवा जास्त माणसं असली की अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, एक सदस्य बाहेरची. घटनेपासून ३ महिन्यांत तक्रार, ९० दिवसांत चौकशी पूर्ण. समिती नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड. कंत्राटी बाईलाही तक्रारीचा तोच हक्क आहे, हे बऱ्याच ठेकेदारांच्या गावी नसतं. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं.

आमचं प्रशिक्षण हे त्याच्या जागी चालत नाही. शेजारी चालतं.

सण आणि रजांवरून दरवर्षी वाद होतात. त्यावर काही उपाय?

उपाय कॅलेंडरचा आहे. दिवाळीची सुट्टी आपण आपल्या दिवाळीनं ठरवतो. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशच्या माणसाचा मोठा सण छठ, तो दिवाळीनंतर सहाव्या दिवशी. नाशिक रोडहून गाडी पकडून तो घरी पोचतो तोवर आपली सुट्टी संपलेली असते. मग तो न सांगता जास्त राहतो आणि आपण त्याला बेजबाबदार म्हणतो. एका कारखान्यानं सोपं केलं. ज्यांना छठ हवी त्यांनी धनत्रयोदशी-लक्ष्मीपूजनाला आवश्यक मशिनं चालवायची आणि नंतर जायचं. दोन्ही बाजू खूश.

रमजानमध्ये दुसऱ्या पाळीची जेवणाची सुट्टी पंधरा मिनिटं पुढेमागे केली तर रोजा सोडता येतो. कॅन्टीनमध्ये उपवासाला साबुदाण्याची खिचडी मिळते तर हेही जमायला हरकत नाही.

सगळ्यांना एकत्र जेवायला बसवलं की आपोआप जवळीक होते ना?

आपोआप नाही. गॉर्डन ऑलपोर्टनं १९५४ सालीच अटी सांगून ठेवल्यात. एकत्र येणाऱ्यांचा दर्जा त्या वेळेपुरता तरी समान हवा, काम सामायिक हवं, ते एकमेकांशिवाय होऊ नये, आणि वरच्यांचा त्याला उघड पाठिंबा हवा. नुसत्या स्नेहभोजनात स्टाफ स्टाफजवळ बसतो, हेल्पर हेल्परजवळ, आणि गुलाबजाम संपतात.

एका दिवसात उरकेल का?

मे २०१८ मध्ये स्टारबक्सनं अमेरिकेतली आठ हजार दुकानं एका दुपारी बंद ठेवून पावणेदोन लाख कर्मचाऱ्यांना वंशभेदाबद्दल प्रशिक्षण दिलं. बातमी जगभर झाली. एका दुपारी सवयी बदलतात असं मात्र कुणी म्हणालं नाही.

फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव या समाजशास्त्रज्ञांनी तिथल्या आठशेहून जास्त कंपन्यांची तीसेक वर्षांची माहिती तपासली. सक्तीच्या प्रशिक्षणानं फारसं साधत नाही, कधी कधी उलटा परिणाम होतो, असं त्यांना दिसलं. ज्या कंपन्यांत वरिष्ठांना नव्या लोकांचं मार्गदर्शक केलं, भरतीत गुंतवलं, तिथं फरक पडला. माझ्या पोटावर पाय देणारा हा निष्कर्ष आहे, तरी मी तो पहिल्याच मीटिंगला सांगते.

म्हणून आम्ही आधी एक दिवस फक्त शिफ्टमध्ये उभं राहतो, ऐकतो. मग अर्ध्या-अर्ध्या दिवसाची तीन सत्रं, मध्ये पंधरा दिवसांचं अंतर. प्रत्येकाला दोन सत्रांच्या मध्ये करायला एक छोटं काम. एका गटात वीस-पंचवीसच माणसं. 'शंभर जण एकदम बसवतो, स्वस्तात करा' याला नकार आहे, आणि तो 'बघतो' नाही.

सक्ती करावी का?

पॉशची आणि सुरक्षेची करा. बाकीच्याला बोलावणं द्या. पहिल्या बॅचला उत्साही लोक येतात, दुसऱ्या बॅचला त्यांनी कॅन्टीनमध्ये सांगितलेलं ऐकून बाकीचे.

साहेब लोकांनीही बसायचं का?

पहिलं सत्र त्यांचंच.

कुठल्या भाषेत घेता?

मराठीत आणि हिंदीत, मिसळून. इंग्रजी स्लाइड नाहीत. पेठ-सुरगाण्याची मुलं जास्त असतील तर त्यांच्यातलाच एखादा मोठा मुलगा सोबत घेतो, कारण प्रमाण मराठीत ती मुलं गप्पच बसतात आणि ती लाजरी आहेत असं सगळे म्हणतात. बोलीत सुरू झाली की थांबवावं लागतं.

२०२७च्या सिंहस्थासाठी हॉटेल कर्मचारी, रिक्षा-टॅक्सीवाले यांना प्रशिक्षण देता का?

हो. तिथं लांबलचक सिद्धांत नको, कामापुरतं पुरे. वैष्णव आखाड्यांचं स्नान रामकुंडावर आणि शैवांचं त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर, हे ड्रायव्हरला माहीत हवं, नाहीतर माणूस तीस किलोमीटर चुकीच्या गावी उतरतो. तेलुगू, गुजराती, नेपाळी, भोजपुरी बोलणारे येणार. 'कुठून आलात', 'किती जण', 'औषध चालू आहे का', 'कोणी चुकलंय का' एवढे प्रश्न चार भाषांत पाठ करून घेतो. साधूशी बोलताना काय म्हणायचं, परदेशी बाईचा फोटो विचारल्याशिवाय का काढायचा नाही, कांदा-लसूण नसलेल्या जेवणात तेच तेल चालतं का, अशा गोष्टींवर दोन तास जातात. कांदा-लसणावर सगळ्यात जास्त वाद होतो.

उपयोग झाला हे कळणार कसं?

शेवटी भरून घेतलेल्या 'खूप आवडलं'च्या फॉर्मवर विश्वास ठेवू नका, माझ्याही नाही. तीन महिन्यांनी बघा. कंत्राटी माणसं किती टिकली, गैरसमजातून झालेलं रिवर्क किती, तक्रारी किती आल्या. तक्रारी सुरुवातीला वाढतात. घाबरू नका, आधी त्या येतच नव्हत्या.

मला या क्षेत्रात यायचं आहे. काय शिकू?

मानसशास्त्र, समाजशास्त्र, सोशल वर्क, एचआर यांपैकी काहीही चालेल. नोकरी सांभाळून शिकायचं तर आपल्याच नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. पण सहा महिने तरी शॉप फ्लोअरवर किंवा पॅकहाऊसमध्ये प्रत्यक्ष काम करा. आणि आपल्या घरातली बोली, ती कुठलीही असो, सोडू नका.

कार्यशाळेसाठी आम्ही काय तयारी ठेवायची?

खुर्च्या गोल मांडा, पुढची रांग साहेबांसाठी राखू नका. ओळखपत्रं काढून ठेवायला एक टोपली हवी, म्हणजे कोण कायम आणि कोण ठेक्यावर ते गळ्यात दिसणार नाही. कागदावर फक्त पहिलं नाव. प्रोजेक्टर लागत नाही, फळा लागतो. आणि चहाचे कप सगळ्यांना एकाच प्रकारचे ठेवा. मागच्या महिन्यात एके ठिकाणी स्टाफला चिनी मातीचे आणि बाकीच्यांना कागदी आले, आणि पहिला तासभर त्याच्यावरच गेला.